टेक लीड आणि प्रॉडक्ट ओनर: ॲपमध्ये काय येणार, कसं येणार आणि कधी येणार हे कोण ठरवतं?

तुमच्या फोनमधल्या एखाद्या ॲपचं अपडेट येतं. रोजचं बटण दुसरीकडे गेलेलं असतं, न मागितलेलं काहीतरी नवीन आलेलं असतं आणि जे खरंच हवं होतं ते अजूनही नसतं. मग प्ले स्टोअरवर एक स्टार देऊन आपण लिहितो, "डेव्हलपर झोपलेत का?" बहुतेक वेळा ते झोपलेले नसतात. नवीन काय आणायचं, जुनं काय दुरुस्त करायचं आणि कशाला थांबवायचं, हे मुख्यतः दोन माणसांच्या बोलण्यातून ठरलेलं असतं. एक प्रॉडक्ट ओनर, दुसरा टेक लीड.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. शिक्षण अमरावतीत झालं आणि सध्या कामही इथूनच करतो. कॉलेजमध्ये डेटा स्ट्रक्चर शिकवतात, डीबीएमएस शिकवतात. पण या दोन माणसांमधलं नातं कसं चालतं हे कोणत्याच विषयात नसतं. पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मात्र त्याच्याशी गाठ पडते. कॅम्पसच्या तयारीत असलेली मुलं मला हा प्रश्न बऱ्याचदा विचारतात, म्हणून हा लेख. उदाहरणं शक्य तितकी आपल्या वऱ्हाडातलीच घेतली आहेत.

थोडक्यात उत्तर

- प्रॉडक्ट ओनर ठरवतो: काय बनवायचं, कशासाठी बनवायचं आणि आधी काय, नंतर काय.
- टेक लीड ठरवतो: ते कसं बनवायचं, कोणत्या तंत्रानं बनवायचं आणि ते टिकेल की नाही.
- किती वेळ लागेल हे काम करणारी टीम सांगते. टेक लीड त्या अंदाजाची बाजू मांडतो.
- तारीख दोघांच्या बोलण्यातून निघते. एकट्यानं ठरवलेली तारीख सहसा कोलमडते.

वाचायला सोपं आहे. अडचण अशी की खऱ्या कामात बरेच प्रश्न अर्धे "काय" असतात आणि अर्धे "कसं". सगळे खटके तिथेच उडतात. ते आपण पुढे पाहू.

प्रॉडक्ट ओनर हा शब्द आला कुठून?

हा शब्द स्क्रम नावाच्या कामाच्या पद्धतीतून आला. १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक लेख लिहिला. नवीन वस्तू झटपट बनवणाऱ्या कंपन्यांच्या टीम रग्बीच्या खेळाडूंसारख्या एकत्र पुढे सरकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. स्क्रम हा रग्बीतलाच शब्द. पुढे जेफ सदरलंड आणि केन श्वाबर यांनी ही कल्पना सॉफ्टवेअरसाठी वापरली आणि १९९५ मध्ये एका परिषदेत ती मांडली. या दोघांनीच २०१० मध्ये स्क्रम गाइड नावाची छोटी पुस्तिका काढली. तिची सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची आहे.

या पुस्तिकेत प्रॉडक्ट ओनरबद्दल तीन गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली, प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नसते. दुसरी, करायच्या कामांची यादी, म्हणजे प्रॉडक्ट बॅकलॉग, कोणत्या क्रमानं लावायची याची जबाबदारी त्याची. तिसरी, चालू स्प्रिंट मध्येच रद्द करण्याचा अधिकार फक्त त्याला. स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक टप्पा. तो जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो. बऱ्याच कंपन्या दोन आठवड्यांचा ठेवतात.

"ओनर" म्हटलं म्हणून तो कंपनीचा मालक नव्हे. वावर मालकाचं असलं तरी यंदा कपाशी लावायची की सोयाबीन, हे ठरवणारा एकजण घरात असतो आणि पीक बुडालं तर उत्तरही त्यालाच द्यावं लागतं. साधारण तशी ही भूमिका आहे.

मग टेक लीड?

गंमत अशी की स्क्रम गाइडमध्ये टेक लीड नावाची भूमिकाच नाही. तिथे फक्त तीन जबाबदाऱ्या आहेत: प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर. टेक लीड ही कंपन्यांनी गरजेतून तयार केलेली जागा आहे. टीममध्ये सात-आठ डेव्हलपर असले की डेटाबेस कोणता, कोड कसा विभागायचा, कोणती लायब्ररी वापरायची, यावर कोणीतरी शेवटचा शब्द टाकावा लागतो. ते काम टेक लीडचं. तो स्वतः कोड लिहितो, इतरांचा तपासतो आणि टीमच्या वतीनं प्रॉडक्ट ओनरशी बोलतो.

पुस्तकात नसल्यामुळे या भूमिकेची हद्दही प्रत्येक कंपनीत वेगळी असते. म्हणून नवीन नोकरीत पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, "इथे टेक लीड नेमकं काय ठरवतो?" हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही.

एक खरं ॲप घेऊ: ई-पीक पाहणी

वऱ्हाडातल्या घराघरात माहीत असलेलं हे ॲप. पूर्वी शेतात कोणतं पीक उभं आहे याची नोंद तलाठी करायचा आणि ती सातबाऱ्यातल्या गाव नमुना १२ मध्ये जायची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर हे काम शेतकऱ्याच्या फोनवर आलं. महसूल आणि कृषी विभागाचा हा प्रकल्प. टाटा ट्रस्टचं त्यात सहकार्य होतं. शेतकऱ्यानं स्वतः वावरात जायचं, पीक आणि क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा आणि पाठवायचा.

ही नोंद नुसती माहिती म्हणून नसते. अतिवृष्टीची मदत, पीक विमा, हमीभावानं खरेदी, या सगळ्यांत सातबाऱ्यावरची पिकाची नोंद पाहिली जाते. नोंद झालीच नाही तर वावरात तूर उभी असूनही कागदावर ती नसते. म्हणजे या ॲपमधल्या एखाद्या छोट्या निर्णयाची किंमत कोणाच्या तरी घरी मोजली जाते. म्हणूनच "काय" आणि "कसं" यांची वाटणी समजून घ्यायला हे उदाहरण चांगलं आहे. त्या टीमच्या बैठका हा आपला विषय नाही. ॲपमध्ये जे दिसतं त्यावरून प्रश्न वाटून पाहू.

१. एका फोनवरून किती जणांची नोंद?

२०२१ मध्ये एका मोबाइल क्रमांकावरून २० खातेदारांची नोंदणी करता यायची. हा निर्णय पूर्णपणे "काय" या बाजूचा. आजोबांच्या नावावर जमीन आहे, त्यांच्याकडे साधा फोन आहे आणि स्मार्टफोन नातवाकडे आहे. एक फोन, एक खातेदार असा नियम केला असता तर कोड सोपा झाला असता, पण निम्मं गाव बाहेर राहिलं असतं. हे प्रॉडक्ट ओनरला माहीत असायला हवं. ते कळायला कोड यावा लागत नाही, गाव माहीत असावं लागतं.

२. वावरात रेंज नसेल तर?

मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे गेलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. ई-पीक पाहणीच्या मुख्य पानावर "अपलोड" असं वेगळं बटण दिलेलं होतं. म्हणजे वावरात माहिती भरून ठेवायची आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायची.

"रेंज नसतानाही नोंद करता आली पाहिजे" हे वाक्य प्रॉडक्ट ओनरचं. त्यानंतर टेक लीडचं काम सुरू होतं. माहिती फोनमध्ये कुठे साठवायची? फोटो किती लहान करायचा? अर्धा फोटो गेला आणि रेंज तुटली तर पहिल्यापासून पाठवायचा की उरलेला? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेतकऱ्यानं बटण दोनदा दाबलं तर एकाच वावरात दोनदा कपाशी नोंदली जाणार नाही ना? यासाठी प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर ओळखतो, ही नवीन नोंद नाही. यात प्रॉडक्ट ओनरनं नाक खुपसू नये.

३. माणूस खरंच वावरात उभा आहे का?

१ ऑगस्ट २०२२ ला ॲपची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घातलेले होते. तुम्ही जिथे उभे आहात तिथून मध्यबिंदू किती दूर आहे, हे ॲप दाखवायचं. आता हा प्रश्न अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा आहे.

खोट्या नोंदी थांबवायच्या, ही गरज प्रॉडक्ट ओनरची. पण टेक लीडनं इथे कागद-पेन काढायला हवा. समजा भावकीच्या वाटणीतून झालेलं एक लांबुळकं वावर आहे: ४०० मीटर लांब, २० मीटर रुंद. म्हणजे ०.८ हेक्टर, साधारण दोन एकर. त्याच्या टोकाला उभा असलेला माणूस मध्यबिंदूपासून २०० मीटर दूर आहे, तरी तो स्वतःच्याच वावरात आहे. आणि त्याच मध्यबिंदूपासून शेजाऱ्याच्या वावराचा मध्यबिंदू फक्त २० मीटरवर आहे! त्यात फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण ५ मीटर इकडे-तिकडे दाखवतो. म्हणजे "मध्यबिंदूपासून अमुक मीटरच्या आत असाल तरच नोंद" असा कडक नियम लावला तर खरा शेतकरी अडकतो आणि चुकीचा सुटू शकतो.

हे सांगणं टेक लीडचं कर्तव्य. पण हे ऐकल्यावर नियम कडक ठेवायचा, नुसता इशारा द्यायचा की नंतर तपासणी करायची, हा निर्णय पुन्हा प्रॉडक्ट ओनरचा. त्या आवृत्तीत शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून १० टक्के नोंदींची तपासणी तलाठ्यानं करायची, अशी व्यवस्था होती.

४. चुकून सोयाबीनच्या जागी तूर नोंदवली तर?

दुसऱ्या आवृत्तीत ४८ तासांच्या आत नोंद दुरुस्त करायची सोय आली. दुरुस्ती द्यायची की नाही आणि किती तास द्यायची, हे "काय". दुरुस्ती करताना जुनी नोंद पुसायची की तिचा इतिहास ठेवायचा, हे वरवर "कसं" वाटतं. पण उद्या वाद झाला तर तो इतिहास कोणाला दाखवायचा, हे विचारलं की तो पुन्हा दोघांचा प्रश्न होतो.

५. शेवटच्या दिवसाची गर्दी

मुदत संपत आली की सगळे एकदम ॲप उघडतात. हे परीक्षेच्या फॉर्मला होतं, प्रवेशाला होतं आणि पीक पाहणीलाही होतं; एकाहून अधिक हंगामांत तिची मुदत वाढवावी लागली आहे. इथे दोघांकडेही उपाय असतात. टेक लीड सर्व्हर वाढवू शकतो, येणाऱ्या नोंदी रांगेत लावू शकतो, अपयशी झालेला फोन लगेच पुन्हा न धडकता थोडा थोडा थांबून प्रयत्न करेल अशी सोय करू शकतो. प्रॉडक्ट ओनर वेगळंच विचारू शकतो: "मुदतीसाठी फोटो काढल्याची वेळ धरली तर? म्हणजे शेतकऱ्यानं वेळेत फोटो काढला, पण सर्व्हरनं दोन दिवसांनी घेतला, तर त्याचं नुकसान का?"

छान विचार आहे. आता टेक लीडनं सांगायचं, "फोनचं घड्याळ मागे करता येतं. निव्वळ त्यावर विश्वास ठेवता येणार नाही." मग दोघांनी मिळून मधला मार्ग काढायचा: फोटो वेळेत काढला असेल तर अपलोडसाठी तीन दिवसांची जास्तीची सवलत आणि संशयास्पद नोंदी तपासणीला. असा उपाय एकट्या माणसाला सहसा सुचत नाही. या नात्याचा खरा उपयोग हाच आहे.

रोजच्या कामात दोघं कुठे भेटतात?

स्प्रिंट सुरू होण्याआधी दोघं बॅकलॉगमधली पुढची कामं चाळतात. याला रिफाइनमेंट म्हणतात आणि माझ्या मते आठवड्यातली सगळ्यात महत्त्वाची बैठक हीच. स्प्रिंटच्या सुरुवातीला प्लॅनिंग होतं: या वेळी काय घ्यायचं. शेवटी रिव्ह्यू होतो: झालेलं काम दाखवायचं. नोकरीला लागल्यावर या बैठकांना तुम्हीही असाल. पहिले काही महिने नुसतं ऐकलं तरी खूप कळतं.

रिफाइनमेंट चांगलं झालं तर बोलणं कसं होतं, याचा एक नमुना देतो. समजा अकोल्याच्या एका छोट्या टीमला बाजार समितीचे भाव दाखवणारं ॲप बनवायचं आहे. प्रॉडक्ट ओनर ताई अकोटकडच्या, टेक लीड दादा मूर्तिजापूरचा.

"दादा, तुरीचा भाव बदलला का कास्तकाराले मेसेज गेला पाह्यजे. एवढंच हाय. दोन दिवसात होईन ना?"

"होईन ताई, पण कोणता भाव? समिती तं तीन भाव देते. कमीत कमी, जास्तीत जास्त अन् सर्वसाधारण."

"सर्वसाधारण धरा."

"बरं. बदलला म्हणजे किती? पाच रुपये बदलला तरी मेसेज पाठवू का?"

"नाही बाप्पा, लोक वैतागतीन. क्विंटलमागं शंभराच्या वर."

"अन् एसएमएस का ॲपचं नोटिफिकेशन? एसएमएसले दर मेसेजमागं पैसे लागतात. शिवाय डीएलटीवर मजकूर मंजूर करून घ्या लागते, त्याले दिवस जातीन. नोटिफिकेशन फुकट हाय, पण ज्याचा नेट बंद त्याले उशिरा जाईन."

"मंग पयले नोटिफिकेशन करू. एसएमएसचं मी विचारून सांगतो, किती लोकं साध्या फोनवाले हायेत ते."

पाच मिनिटांचं बोलणं. "भाव बदलला की मेसेज" हे धूसर वाक्य जाऊन हाती काय आलं? आदल्या दिवसाच्या सर्वसाधारण भावापेक्षा १०० रुपयांहून जास्त फरक पडला तर नोटिफिकेशन. टेक लीडनं एकदाही "होणार नाही" म्हटलं नाही आणि ताईंनी एकदाही "कसं करायचं" ते शिकवलं नाही. शेवटचा प्रश्न तर ताईंनी बाजारात जाऊन विचारायला घेतला, कारण त्याचं उत्तर कोडमध्ये नव्हतं.

खटके कुठे उडतात?

अंदाज आणि आश्वासन. टेक लीड म्हणतो, "दहा-बारा दिवस लागतील." प्रॉडक्ट ओनर वरच्यांना सांगतो, "दहा तारखेला देतो." अंदाजाचं आश्वासन कधी झालं, कोणालाच कळत नाही. स्क्रम गाइडप्रमाणे कामाचा आकार ठरवणं हे काम करणाऱ्यांचंच काम आहे. प्रॉडक्ट ओनरला तो अंदाज मोठा वाटला तर त्यानं आकडा न दाबता काम कमी करावं: "यातलं काय काढलं तर सहा दिवसांत होईल?" हा प्रश्न दोघांनाही परवडतो.

ठरलेली तारीख, न झालेली तयारी. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. आरोग्य विम्यासाठी बनवलेली सरकारी वेबसाइट, हेल्थकेअर डॉट गव्ह, १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेली माणसं होती सहा. सगळे भाग जोडून पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचणी करायला जेमतेम शेवटचे दोन आठवडे मिळाले होते. अनेक कंत्राटदार होते. पण "आज सुरू करायचं की नाही" यावर तंत्राच्या बाजूनं ठामपणे बोलणारा आणि ज्याचं ऐकलं जाईल असा एक माणूस नव्हता. पुढे बाहेरून इंजिनिअर आणून ती साइट सावरावी लागली.

तांत्रिक कर्ज. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरनं १९९२ मध्ये ही उपमा दिली. घाईत अर्धवट कोड लिहून फीचर लवकर देणं म्हणजे कर्ज काढणं. कर्ज वाईट नसतं; पेरणीच्या वेळी कोण काढत नाही? पण फेडलं नाही तर व्याज वाढतं, म्हणजे पुढचं प्रत्येक काम आधीपेक्षा हळू होतं. टेक लीडची तक्रार असते की फेडायला वेळच देत नाहीत. प्रॉडक्ट ओनरची तक्रार असते की "कोड साफ करायचाय" म्हणजे नेमकं काय, ते कळत नाही. यात दुसरी तक्रार मला जास्त रास्त वाटते. "रिफॅक्टरिंग करायचंय" म्हणू नका. "पेमेंटचा भाग जुना झालाय, त्यामुळे तिथला प्रत्येक बदल दोनऐवजी पाच दिवस घेतो, आठ दिवस दिले तर पुन्हा दोनवर येईल," असं सांगा. मग ते काम बॅकलॉगमध्ये इतर कामांच्या बरोबरीनं उभं राहतं.

न दिसणारी कामं. वेग, सुरक्षा, जुन्या फोनवर चालणं, बॅटरी. डेमोमध्ये यांना टाळ्या मिळत नाहीत. पण २ जीबी रॅमच्या फोनवर ॲप अडकलं तर वापरणाऱ्यासाठी ते ॲपच नाही. यावर उपाय सोपा आहे: काम "झालं" म्हणजे काय, याची व्याख्या आधीच लिहून ठेवायची. अमुक फोनवर चाललं, रेंज तुटली तरी नोंद गेली नाही, तरच झालं. घाई आली की ही यादी वाचवते.

"नाही" कसं म्हणायचं?

दोघांनाही रोज "नाही" म्हणावं लागतं. प्रॉडक्ट ओनरला ग्राहकाला, साहेबाला, कधी टीमला. टेक लीडला प्रॉडक्ट ओनरला. नुसतं "शक्य नाही" म्हटलं की समोरचा पुढच्या वेळी विचारतच नाही. तो परस्पर ठरवतो आणि सांगतो. म्हणून चांगल्या टेक लीडच्या नकारात तीन गोष्टी असतात: कारण काय, केलंच तर काय मोजावं लागेल आणि त्याऐवजी काय करता येईल. वरच्या संवादातलं एसएमएसचं वाक्य पुन्हा वाचा, तिन्ही सापडतील.

प्रॉडक्ट ओनरच्या नकारालाही कारण लागतं. "हे या महिन्यात नाही" एवढ्यावर टीम नाराज होते. "हे या महिन्यात नाही, कारण पेरणी सुरू होतेय आणि लोकांना आधी बियाण्याचं पान लागेल," म्हटलं की त्याच टीममधून कोणीतरी त्या पानासाठी चांगली कल्पना काढतं.

आणि सगळं बोलूनही एकमत नाही झालं तर? प्रश्न "काय" चा असेल तर प्रॉडक्ट ओनरचं चालतं, "कसं" चा असेल तर टेक लीडचं. लोकांच्या डेटाची सुरक्षा धोक्यात येत असेल तर मात्र टेक लीडनं मागे हटू नये. लेखी कळवावं आणि वर न्यावं. ठरल्यावर दोघांनी टीमसमोर एकच बोलावं. चहाच्या टपरीवर "मी तर आधीच म्हणत होतो" सुरू झालं की टीमचे दोन गट पडायला वेळ लागत नाही.

अमरावती-अकोल्यातल्या छोट्या टीममध्ये काय?

आपल्याकडे तीन-चार जणांच्या कितीतरी टीम आहेत: कृषी सेवा केंद्राचं बिलिंग, जिनिंगचा हिशोब, क्लासेसची हजेरी, दवाखान्याची नोंद. तिथे एकच माणूस सकाळी ग्राहकाकडे जातो आणि रात्री कोड लिहितो. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर. यात धोका असा की आपल्याला बनवायला आवडेल तेच ग्राहकाला हवंय, असं वाटू लागतं. उलटही होतं: ग्राहक समोर बसून म्हणेल ते सगळं कबूल केलं जातं.

साधा उपाय: एका वहीत दोन पानं. डावीकडे "काय आणि कशासाठी", उजवीकडे "कसं आणि किती दिवस". डावं पान ग्राहकाकडे बसून भरायचं, उजवं घरी येऊन. तारीख दोन्ही पानं भरल्यावरच सांगायची. आणि एक लक्षात ठेवा, ग्राहक म्हणजे प्रॉडक्ट ओनर नव्हे. ग्राहक गरज सांगतो. दहा ग्राहकांच्या गरजांचा क्रम लावायला तुमच्यातलाच एक माणूस लागतो.

अमरावतीत बसून पुण्याच्या किंवा परदेशातल्या टीमसाठी काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. प्रॉडक्ट ओनरशी सहज बोलणं होत नाही. तिथे फोनवर ठरलेली प्रत्येक गोष्ट दोन ओळींत लिहून पाठवायची सवय लावा: काय ठरलं, का ठरलं. तीन महिन्यांनी "हे असं काहून केलं?" विचारलं गेलं की त्या दोन ओळी कामी येतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोघांत वरचा कोण? सहसा कोणीच नाही. बऱ्याच कंपन्यांत दोघांचे साहेब वेगळे असतात. एकमेकांना हुकूम देता येत नाही, म्हणूनच समजावून सांगता येणं लागतं.

प्रॉडक्ट ओनरला कोडिंग यायला हवं का? गरजेचं नाही. पण डेटाबेस, सर्व्हर, एपीआय म्हणजे काय, हे ढोबळ माहीत असलं तर बोलणं लवकर संपतं.

प्रॉडक्ट मॅनेजर आणि प्रॉडक्ट ओनर एकच का? कुठे एकच, कुठे वेगळे. वेगळे असले तर मॅनेजर साधारण बाजार आणि लांबची दिशा पाहतो, ओनर टीमसोबत रोजचं काम.

फ्रेशर थेट प्रॉडक्ट ओनर होऊ शकतो का? क्वचित. वापरणारे लोक आणि बनवणारी टीम, दोन्ही जवळून पाहिल्याशिवाय क्रम लावणं अवघड जातं. सपोर्ट, टेस्टिंग किंवा बिझनेस ॲनालिस्टच्या कामातून तिकडे जाता येतं.

मुलाखतीत विचारलं, "प्रॉडक्ट ओनरनं अशक्य तारीख दिली तर?" "मी रात्रंदिवस काम करीन" हे उत्तर देऊ नका. "कामाचे तुकडे करीन, त्या तारखेपर्यंत कोणते होतील आणि कोणते नाहीत ते दाखवीन आणि कोणते आधी हवेत ते त्यांना निवडायला सांगीन," असं सांगा.

सराव करून पाहा

तुम्ही रोज वापरता असं एक ॲप घ्या. त्यातली तुम्हाला खटकणारी एक गोष्ट वहीत लिहा. मग दोन प्रश्न विचारा: हे असं ठेवण्यामागे "काय" चं कारण असेल की "कसं" चं? आणि बदलायचं ठरलं तर कोणाचं काम वाढेल? मित्रासोबत केलंत तर एकानं प्रॉडक्ट ओनर व्हायचं, दुसऱ्यानं टेक लीड, आणि दहा मिनिटांनी अदलाबदल करायची. ज्या बाजूनं बोलताना तुम्हाला जास्त मजा येईल, त्या बाजूचं काम पुढे शोधायला हरकत नाही.